गाडी होळकरांची, इंजिन ड्युसेनबर्गचं, मग बॉडी कुणाची?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्युसेनबर्ग गाडीवर तुम्ही अख्खं पान दिलंत, फोटो एकदम झकास, तो केशरी आणि काळा रंग वर्तमानपत्राच्या कागदावर पण उठून दिसत होता. आनंदाने वाचायला घेतलं. महाराजांचं नाव आहे, कंपनीचं नाव आहे, आज लिलावात आली तर किती कोटी येतील त्याचा हिशोब चौकटीत वेगळा आहे, हॉलिवूडच्या कुठल्या हिरोकडे अशी गाडी होती ते पण आहे. आणि ज्यांनी ती गाडी बांधली, म्हणजे जी गोष्ट फोटोत दिसतेय, ज्याच्यामुळे तुम्ही तो फोटो छापला, त्यांचं नाव पूर्ण पानात एकदाही नाही. "ड्युसेनबर्ग कंपनीने महाराजांसाठी खास बनवलेली" एवढ्यावर विषय संपवलाय. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण खाली दिलेलं नाव तेवढं कापू नका.

आधी सांगतो की मी कोण. मी काही विंटेज गाड्यांचा शौकीन नाही, माझ्याकडे एक स्कूटर आहे. नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपला, बॉडी सेक्शनमध्ये, आता रिटायर्ड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसटीची लालपरी ही आमच्या वेळी कंपनीतून लालपरी म्हणून येत नव्हती हो. टाटा किंवा लेलँडकडून यायची ती नुसती चासी, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग, एवढंच. वर काही नाही. हायवेवर तुम्ही बघितलंच असेल, ड्रायव्हर उघड्यावर बसून, तोंडाला मफलर गुंडाळून, धूळ खात नुसती चासी पळवत असतो. ती यायची दापोडीला नाहीतर चिकलठाण्याला नाहीतर नागपूरच्या हिंगण्याला, आणि तिथे तिच्यावर सांगाडा उभा राहायचा, पत्रा चढायचा, खिडक्या, सीटा, रंग, आणि मग ती बस व्हायची. आमच्या वेळी अॅल्युमिनियमचा पत्रा होता, आता माईल्ड स्टील आलं. १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हा तर बॉडी लाकडाची होती.

आता होळकरांची गाडी घ्या. पद्धत अगदी तीच. फरक एवढाच की आमच्या बसा एकासारख्या एक हजारो निघाल्या आणि ती एकच निघाली.

ड्युसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी, फ्रेड आणि ऑगस्ट हे दोन भाऊ, मूळचे जर्मनीचे, लहानपणी अमेरिकेत आलेले. रेसिंगमधून वर आले, १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली, इंडियानापोलिसची ५०० मैलाची रेस १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा घेतली. पण धंद्यात कच्चे, मग ई. एल. कॉर्ड नावाच्या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की जगातली सगळ्यात भारी गाडी कर. ती म्हणजे मॉडेल जे, डिसेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या शोमध्ये आली. एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, एका सिलिंडरला चार व्हॉल्व, १९२८ ला बरं का! कंपनी सांगायची २६५ हॉर्सपॉवर. नंतर सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी, एसजे आली ती ३२० सांगायची. डॅशबोर्डवर उंची मोजायचं मीटर, स्टॉपवॉच, आणि ऑइल बदलायची वेळ झाली की आपोआप लागणारा दिवा, चासीला ग्रीसिंग पण गाडी चालता चालता आपलं आपण व्हायचं. हे सगळं तुमच्या लेखात आहे, आणि बरोबर आहे, इंजिनाबद्दल माझी तक्रार शून्य.

पण कंपनी मुख्यतः विकत काय होती? चासी! सुरुवातीला नुसत्या चासीची किंमत ८५०० डॉलर, त्या काळात साधी फोर्ड पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. एवढे पैसे मोजून गिऱ्हाइकाच्या हातात येणार इंजिन, चाकं, रेडिएटर आणि डॅशबोर्ड, बसायला काही नाही. मग तो जाणार बॉडीवाल्याकडे. अमेरिकेत मर्फी, रोलस्टन, ल बॅरन, डरहॅम अशी दुकानं होती, कंपनीच त्यांच्याकडून काही बॉड्या आधी करून घेऊन ठेवायची. मॉडेल जे आणि एसजे मिळून सगळ्या साधारण ४८० च्या आसपास बनल्या, आणि त्यातल्या अनेकांची बॉडी एकमेकींशी जुळत नाही. १९३७ ला कंपनी बंद.

होळकरांनी अमेरिकन बॉडी घेतली नाही. चासी गेली लंडनला, जे. गर्नी नटिंग आणि कंपनीकडे. हेच ते नाव. गर्नी नटिंग. ड्युसेनबर्गच्या चासीवर त्यांनी आयुष्यात ही एकच बॉडी बांधली. मग "जगात एकमेव" असं हेडिंग तुम्ही दिलं ते कशाच्या जोरावर? एसजे इंजिन तर बाकीच्या एसजेंना पण होतं ना. एकमेव आहे ती बॉडी. म्हणजे हेडिंग बॉडीवाल्याच्या जिवावर आणि नाव इंजिनवाल्याचं, हे काय बरोबर वाटत नाही बघा.

हे गर्नी नटिंग म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हते. पहिलं महायुद्ध संपल्यावर क्रॉयडनला सुरुवात केली, १९२४ ला लंडनच्या चेल्सीत आले, १९३१ ला राजघराण्याचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी सर माल्कम कॅम्पबेलने डेटोनाच्या वाळूवर ब्लू बर्ड गाडी ताशी २४६ मैल पळवली, म्हणजे जवळजवळ ३९६ किलोमीटर, तिचा पत्रा यांनीच ठोकलेला. सुरुवातीला यांचं नाव झालं ते कापडी बॉडीसाठी. हसू नका, खरंच कापडी. वेमन म्हणून एका माणसाचं पेटंट होतं, लाकडाचा सांगाडा, पण लाकूड लाकडाला टेकू द्यायचं नाही, मधे लोखंडी पट्ट्या, आणि वरून पत्र्याच्या ऐवजी चामड्यासारखं दिसणारं कापड ताणून बसवायचं. त्यामुळे बॉडी हलकी आणि कुरकुर अजिबात नाही. ज्याने लाकडी बॉडीच्या बसमधून घाट चढलाय त्याला कुरकुर नसणे म्हणजे काय ते कळेल.

त्यांचा डिझायनर होता ए. एफ. मॅकनील. होळकरांची गाडी बांधली तेव्हा, म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यावर, तोच तिथला मुख्य डिझायनर, १९३७ ला तो जेम्स यंग नावाच्या दुसऱ्या बॉडीवाल्याकडे गेला. त्याच्या हाताखाली जॉन ब्लॅचली नावाचा पोरगा तयार झाला, तो पुढे रोल्स-रॉइसचा मुख्य डिझायनर झाला आणि १९६५ ची सिल्व्हर शॅडो गाडी त्याने काढली. म्हणजे बघा, एका दुकानातून केवढं काय निघतं.

आता तो फोटो परत काढून बघा. ड्युसेनबर्गच्या चासी दोन लांबीत यायच्या, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत छोटी साडेतीन मीटरच्या वर आणि मोठी जवळजवळ चार मीटर. असल्या चासीवर आमच्यासारखा माणूस सात-आठ सीटा बसवेल. मॅकनीलने दोन बसवल्या. फक्त दोन! बॉनेट पुढे लांबच लांब, माणसं पार मागे, आणि त्यांच्या मागे शेपूट निमुळतं होत गेलंय. पत्र्याचं काम करणाऱ्याला हे चित्र बघून घाम फुटतो, कारण यात सपाट असा तुकडाच नाही. बसचं बरं असतं, बाजूचा पत्रा सरळ, छपराला एकाच बाजूने गोलाई, रोलरमधून काढला की झालं. पण मडगार्ड आणि शेपटीला गोलाई दोन्ही बाजूंनी असते, लांबीत पण वाकलेला आणि रुंदीत पण वाकलेला, असा पत्रा रोलरमधून निघत नाही, तो हातानेच काढावा लागतो.

कसा काढतात ते सांगतो, कारण हे कुणी छापत नाही. आधी डिझायनर भिंतीएवढ्या फळ्यावर गाडीचं पूर्ण मापाचं चित्र काढतो, छोटं नाही, गाडी एवढंच. त्यावरून सुतार अॅश नावाच्या लाकडाचा सांगाडा बनवतात, ते लाकूड चिवट, वाकतं पण पटकन तुटत नाही. मग पत्रेवाला. अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला की तो कडक होत जातो, अजून ठोकलात तर चीर जाते, म्हणून मधे मधे त्याला तापवून नरम करावं लागतं. पण अॅल्युमिनियमची एक खोड आहे, लोखंडासारखं ते लाल होत नाही, दिसायला होतं तसंच दिसतं आणि अचानक वितळून खाली गळतं. म्हणून जुने कारागीर काय करायचे, पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायचे आणि मागून आच द्यायचे, साबण काळपट झाला की समजायचं बास, पत्रा नरम झाला, आच काढ. आमच्याकडे एक उस्ताद होते, ते साबणाच्या नुसत्या वासावरून सांगायचे, मान पण वळवायचे नाहीत. नरम पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने खोलगट करायचा, तेव्हा तो एकदम भिकार दिसतो, सगळीकडे खड्डे. मग दोन चाकांच्या मधून पुढे-मागे फिरवत राहायचं, वरचं चाक मोठं सपाट आणि खालचं छोटं गोलाईचं, त्यात ते खड्डे निघतात आणि पोट यायला लागतं. सांगाड्यावर लावून बघायचं, नाही बसलं की परत चाकावर. डोळ्याने पत्रा कळत नाही, हात फिरवूनच कळतो, उंचवटा कुठे राहिलाय ते तळव्याला लागतं. आणि शेवटी रंग, पातळ पातळ थर, प्रत्येक थर पाणी मारून घासायचा. एका मडगार्डला किती दिवस जातील याचा विचार करा आणि मग परत तुमच्या कोटीच्या चौकटीकडे बघा.

आणि एक, असल्या कामाला साचा नसतो. साचा कशासाठी करायचा, दुसरी करायचीच नाही तर? म्हणून आज त्या गाडीचं मागचं शेपूट कुठे चेपलं तर जगात कुठल्याही दुकानात पार्ट मिळणार नाही, पुन्हा कुणीतरी माणूस पिशवी आणि हातोडा घेऊन बसणार. इंजिनाचे पार्ट एकवेळ दुसऱ्या ड्युसेनबर्गचे चालतील. बॉडीला दुसरी कुणी नाहीच.

महाराजांचं श्रेय पण मी नाकारत नाही, उलट तुम्ही ते कमीच दिलंय असं माझं मत आहे. "राजाचा शौक" म्हणून हसण्यावारी नेलंय. वडील तुकोजीराव यांना मुंबईचे व्यापारी बावला यांच्या खून प्रकरणानंतर १९२६ ला गादी सोडावी लागली, तेव्हा यशवंतराव अठराच्या आतबाहेर होते, ऑक्सफर्डला शिकले, आणि या माणसाची नजर खरंच वेगळी होती. इंदूरची माणिकबाग बघा. १९३० ते ३३ मधे एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतली, तेव्हा बाकी संस्थानिक घुमट नि कमानी करत होते आणि हा गडी सरळ रेषा, काच आणि स्टील असलं घर बांधत होता. आत युरोपातल्या नामवंत डिझायनरांचं सामान, रुलमानचं टेबल, ल कॉर्ब्युझिएची आरामखुर्ची, आयलीन ग्रेची खुर्ची. ब्रान्कुसीसारख्या शिल्पकाराला ध्यानमंदिराचं काम सांगितलं होतं, ते पुढे झालंच नाही. बुते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रं काढली, एक सुटाबुटातलं आणि एक मराठा पोशाखातलं, दुसऱ्यात बसायची ढब बघा, अस्सल. महाराणी संयोगिताबाई म्हणजे आमच्या कागलच्या घाटग्यांची लेक, १९३७ ला अगदी तरुणपणी गेल्या. आणि क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको, सी. के. नायडूंची होळकर टीम, चार वेळा रणजी ट्रॉफी, तो पण याच महाराजांचा आश्रय.

पैसा रयतेचा होता हे मला पण कळतं, कुणी ते म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण मुद्दा वेगळाय. माणिकबागेवर जेवढं लिहिलं जातं त्यात खुर्ची कुणी केली, दिवा कुणी केला, गालिचा कुणी विणला, सगळी नावं येतात. १९८० ला त्यातलं फर्निचर मोनॅकोला लिलावात गेलं, २०१९ ला पॅरिसच्या म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव. त्याच महाराजांच्या दारातली गाडी आली की मात्र फक्त कंपनीचा बिल्ला वाचायचा. खुर्ची करणारा कलाकार आणि पत्रा ठोकणारा कामगार, असा काहीतरी हिशोब लोकांच्या डोक्यात बसलेला दिसतो. माझा त्यावर राग आहे, आणि तो या गाडीपुरता नाही.

नाव नीट न लिहिल्याने काय होतं त्याचं उदाहरण याच गर्नी नटिंगचं आहे, गंमत बघा. १९३० ला बेंटले कंपनीचा मालक वुल्फ बार्नाटो याने फ्रान्सच्या ब्लू ट्रेनशी शर्यत लावली, कान गावाहून निघाला आणि ट्रेन कॅले स्टेशनला पोचायच्या आत हा मोटारीने लंडनला हजर. मग कितीतरी वर्षं सगळीकडे फोटो छापून आला तो गर्नी नटिंगने बांधलेल्या उतरत्या छपराच्या कूपे, म्हणजे दोन दारी गाडीचा, चित्रं पण तिचीच काढली गेली. आणि नंतर लोकांनी तारखा तपासल्या तर त्या शर्यतीच्या वेळी ती कूपे तयारच नव्हती, बार्नाटो गेला होता तो एच. जे. मलिनर या दुसऱ्या बॉडीवाल्याने बांधलेल्या सलून प्रकारच्या साध्या गाडीमधून. दोन्ही बेंटलेच, दोन्हीचं इंजिन तेच, फरक बॉडीचा, आणि बॉडी कुणाची हे बघायची कुणाला सवय नाही म्हणून मलिनरच्या कारागिरांची गाडी बिचारी अडगळीत राहिली.

लेखाखाली तुम्ही वाचकांच्या प्रतिक्रिया छापल्यात, त्यात निम्म्या लोकांचं म्हणणं "आपली गाडी परत आणा". भावना ठीक आहे. पण ती काही कुणी चोरून नेली नाही. १९४८ ला होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९६१ ला महाराज मुंबईत वारले, १९७१ ला सगळ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. सत्तरच्या दशकात सरकारने विंटेज गाड्या बाहेर न्यायला बंदी आणली तोवर चांगल्या चांगल्या गाड्या विकून परदेशी गेलेल्या, कारण तेव्हा इथे त्यांना भंगाराचा भाव होता आणि तिकडे माणसं पैसे मोजत होती. आणि एक कडू बोलतो, तिकडे गेल्या म्हणून राहिल्या पण. २०१२ ला कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या शोमध्ये भारतातल्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा खास वेगळा वर्ग ठेवला होता, लोक रांगा लावून बघत होते. परत आणलेली पण आहे की, राजकोटची स्टार ऑफ इंडिया, १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू, त्या घराण्यानेच २०१० ला मोनॅकोच्या लिलावात बोली लावून परत घेतली. तिची बॉडी थ्रप अँड मेबर्लीची, हे पण लंडनवालेच, आणि हे पण कुठल्याच मराठी बातमीत मला वाचायला मिळालं नाही.

इंदूर लांब राहिलं, कोल्हापूरचं बघू. दर दसऱ्याला न्यू पॅलेसमधून छत्रपतींची मेबॅक गाडी निघते आणि दसरा चौकात येते, लोक सोनं लुटायच्या आधी गाडी बघायला गर्दी करतात, तुमचा फोटोग्राफर पण असतो. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी. मेबॅक ही गॅसच्या जोरावर तरंगणाऱ्या झेपेलिन वायुजहाजांची इंजिनं करणारी कंपनी, १९२१ ते १९४१ या काळात त्यांनी मोटारी केल्या, सगळ्या मिळून १८०० च्या आसपास, आणि ते पण चासीच विकायचे, बॉडी दुसऱ्याची. रावेन्सबुर्गचा श्पोन, ड्रेस्डेनचा ग्लेसर, बर्लिनचा एर्डमन अँड रोसी असे बॉडीवाले त्यांच्या चासीवर काम करायचे. मग कोल्हापूरच्या गाडीवर दरवर्षी एवढे कॉलम लिहिता, यंदा एकदा तरी छापा ना की तिची बॉडी कुणाच्या हातची आहे. कोल्हापुरात पत्र्याचं काम कळणारी माणसं थोडी नाहीत, आवडीने वाचतील.

आणि फक्त लंडन-बर्लिनच कशाला. मद्रासची सिम्प्सन कंपनी, कलकत्त्याची स्ट्युअर्ट, हे घोडागाडीच्या काळापासूनचे बॉडीवाले, त्यांनी रोल्स-रॉइसवर पण बॉड्या बांधल्यात. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा गाड्यांचा संग्रह आहे, तिथे गेलात तर एका कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी बघा, बॉडी वेगळी म्हणून गाडीचा स्वभावच वेगळा दिसतो, हे पुस्तकातून कळत नाही. त्याऐवजी आपल्याकडे काय फिरतं, तर कचरा उचलायला लावलेल्या रोल्स-रॉइसची व्हॉट्सॅपवरची गोष्ट, कधी अलवरच्या महाराजांची, कधी पतियाळाच्या, कधी हैदराबादच्या निजामाची. ती तुमच्या लेखात पण एका कोपऱ्यात आलीच आहे. तेवढ्या जागेत गर्नी नटिंग दोनदा लिहून झालं असतं!

कुणी म्हणेल की बॉडीवाल्याचं नाव लिहिणं म्हणजे उगाच किस काढणं. तर साहेब, आपल्या आरटीओला विचारा. आज साधा ट्रक किंवा बस पासिंगला न्यायची असेल, आणि बॉडी वेगळी बांधली असेल, तर फॉर्म २२-ए लागतो. त्यात पहिला भाग चासी बनवणाऱ्याने भरायचा आणि दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्याने, दोघांच्या सह्या वेगवेगळ्या, एक सही कमी असली तर गाडी दारातून आत येत नाही. म्हणजे कायद्याला कळतंय की गाडी दोघांनी मिळून केलीय. मग ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ ला सरकारने वेगळा नियम काढला, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं, वीस हजार फी, दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन, रोज वापरायची नाही, रॅलीला आणि प्रदर्शनाला चालेल, चांगलंच झालं, जुन्या गाड्यांना निदान कागदावर जागा मिळाली. पण त्या रॅलीत गाडीच्या काचेमागे जो बोर्ड ठेवतात तो वाचा. कंपनी, मॉडेल, वर्ष, आत्ताचा मालक. मालकाचं नाव तर सगळ्यात मोठ्या अक्षरात! मुंबईत, पुण्यात, मी गेलोय त्या प्रत्येक ठिकाणी हेच. मालकाला विचारलं तर काहीजण अगदी प्रेमाने दार उघडून दाखवतात, तेही खरं आहे, एक दोघांनी तर मला बॉनेटला हात लावू दिला. पण बोर्डावर नाही ते नाहीच.

म्हणून मागणी दोनच. एक, पुरवणीत विंटेज गाडीवर लेख आला की कंपनीच्या नावाच्या शेजारी बॉडी बांधणाऱ्याचं नाव टाकायचं, तेवढ्याच मापाच्या अक्षरात. बाहेरच्या देशात मोटारींची मासिकं असंच लिहितात, "ड्युसेनबर्ग एसजे, गर्नी नटिंग", कुणाला जड जात नाही. दुसरी मागणी, रॅली भरवणाऱ्या क्लबांनी बोर्डावर एक ओळ वाढवावी, आणि हे त्यांना माझ्यासारख्याने सांगून उपयोग नाही, तुम्ही छापलंत तर ऐकतील.

नाव शोधायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. बहुतेक बॉडीवाले आपली छोटीशी पट्टी लावून ठेवायचे, पितळेची नाहीतर अॅल्युमिनियमची, दार उघडलं की खाली उंबऱ्यावर, जिथे पाय टाकून आत चढतात तिथे. बुटांनी घासून घासून अक्षरं पुसट झालेली असतात, पण बोट फिरवलं की लागतात. पुढच्या रॅलीला तुमचा फोटोग्राफर जाईल तेव्हा त्याला सांगा, बिल्ल्याचा फोटो झाला की मालकाला विचारून दार उघडायचं, खाली वाकायचं आणि त्या पट्टीचा पण एक काढायचा.

आपला,
एसटीचा एक निवृत्त बॉडी फिटर
पिंपरी-चिंचवड